घेणारे आपण कोण

गॅस्केट उलटं बसलं होतं. चूक एवढीच. तळहाताएवढा जाड कागद, त्याला मधे एक मोठं भोक आणि एका कडेला दोन बारकी. गॅस्केट सुलटं लावा की उलटं लावा, बोल्ट सारखेच बसतात, मोठं भोक सारखंच जुळतं आणि माणसाला काही कळत नाही. मला कळायला अख्खा शनिवार गेला. त्या शनिवारी, गॅरेजच्या दारात स्टुलावर बसून, बाबांशी गेली चाळीस वर्षं मनातल्या मनात चालू असलेलं माझं भांडण पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

गाडी १९६७ची एमजीबी. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावात १९६२ ते १९८० या काळात या गाड्या बनल्या, पाच लाखांवर. माझी गडद हिरवी, दोन माणसांची, कापडी टपाची. बर्मिंगहॅमला मी १९७६ साली शिकायला आलो, पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात लागलो आणि राहिलो. गाडी घेतली ती मुलगी कॉलेजात गेल्यावर, १९९९मध्ये. परळच्या चाळीत एका खोलीत सहाजणांत वाढलेल्या माणसाने दोनच सीटांची गाडी घ्यावी, ही चैन आमच्या हिला अजून पटलेली नाही. ‘यात चौघं बसणार कशी’ हे ती दर उन्हाळ्यात एकदा तरी विचारते. घरात आता आम्ही दोघंच आहोत.

या गाडीत हवा आणि पेट्रोल एकत्र करायला दोन एसयू कार्बुरेटर आहेत. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. स्किनर मंडळी मूळची बुटांच्या धंद्यातली. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी पहिला कार्बुरेटर केला तेव्हा त्यात हवेच्या दाबाने हलणारा चक्क कातड्याचा भाता होता. पुढे भात्याच्या जागी धातूचा पिस्टन आला. १९२६मध्ये मोटारी बनवणाऱ्या मॉरिसने कंपनी विकत घेतली आणि कारखाना लंडनहून बर्मिंगहॅमला आला. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी वूड लेनच्या त्या कारखान्यात उमेदीची सगळी वर्षं काढली. माझ्या गाडीचं बॉनेट उघडलं की ते कुंपणापाशी येऊन उभे राहतात. बोलत नाहीत. आपलं काम दुसऱ्याच्या हातात कसं दिसतं ते बघत असावेत.

लोहाराचा भाता ज्याने पाहिला असेल त्याला एसयू लगेच समजतो. कार्बुरेटरच्या घशात वरून एक पिस्टन उतरलेला असतो. त्याच्या बुडाला निमुळती सुई, आणि सुई खालच्या पितळी जेटमध्ये. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पिस्टन वर उचलला जातो, घसा मोकळा होतो, सुई वर सरकते आणि तिच्या निमुळतेपणामुळे जेटमधून त्या मानाने जास्त पेट्रोल येतं. बहुतेक कार्बुरेटरांचा घसा ठरलेल्या मापाचा असतो. याचा घसा मागणीप्रमाणे मोठा-लहान होतो. पिस्टन एकदम उसळू नये म्हणून त्याच्या दांड्यात थोडं तेल घालतात. एवढंच यंत्र. मी आयुष्यभर पंपांत रमलो, पण इतक्या थोड्या भागांत इतकी समज कुठे पाहिली नाही.

आता ‘पिस्टन उचलला जातो’ हा कर्मणी प्रयोग मी मुद्दाम केला. कोण उचलतं? वरवर पाहिलं तर इंजिन. इंजिन हवा ओढतं, असंच आपण म्हणतो. व्हीजेटीआय कॉलेजातल्या आमच्या पुस्तकातही पहिल्या फेरीचं नाव ‘सक्शन स्ट्रोक’ होतं. पण आमचे एक सर या शब्दावर फार चिडायचे. म्हणायचे, पोकळीला हात नसतात, ती काही ओढत नाही. सिलिंडरमध्ये पिस्टन खाली गेला की जागा होते, आणि बाहेरची हवा त्या जागेत ढकलली जाते. ढकलणारं वातावरण, दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो. टॉरिसेलीने १६४४मध्येच एका पत्रात लिहून ठेवलं होतं की आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो. म्हणजे इंजिन फक्त जागा करून देतं. छातीचंही तेच. पडदा खाली जातो, फासळ्या बाहेर येतात, आत जागा होते. बाकीचं काम आपलं नसतं.

हे मला विशीत कळलं होतं, पण सूत्रासारखं. कळलेलं आणि उमगलेलं यांत पन्नास वर्षांचं अंतर पडू शकतं.

माझ्या इंजिनाचं माप १७९८ सीसी, सिलिंडर चार. म्हणजे एका सिलिंडरचा एक श्वास साधारण ४५० मिलीलिटरचा. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या एका श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा येते-जाते. हा हिशेब मी पहिल्यांदा केला तेव्हा पेन्सिल खाली ठेवली. बॉनेटखाली चार माणसं शेजारी शेजारी बसून श्वास घेतायत, एवढंच ते आहे. फरक वेगाचा. आपल्याकडे दिवसाच्या श्वासांचा आकडा परंपरेने ठरलेला आहे, २१,६००. मिनिटाला पंधरा धरले की बरोबर तेवढे होतात. आत जाताना आणि बाहेर येताना श्वास आपोआप जे म्हणतो तो अजपा जप. तेवढे श्वास माझी गाडी ३००० आरपीएमवर सुमारे साडेतीन मिनिटांत उरकते. आणि दुसरा हिशेब असा की एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे ९००० लिटर हवा लागते. स्वस्थ माणसाचा दिवसभराचा श्वास त्याहून थोडाच जास्त.

बाबा माळकरी होते. त्यांना हा आकडा पाठ होता. ‘मोजून दिलेत,’ म्हणायचे. ‘संपले की संपले.’

गेल्या वसंतात मला वाटलं, गाडीचा दम वाढवावा. ब्रॉडवेजवळच्या फिश हिलच्या चढावर ती तिसऱ्या गिअरमध्ये कण्हायची. नवी होती तेव्हा कागदावर ९५ अश्वशक्ती. आता त्यातली किती उरली होती कुणास ठाऊक. अशा वेळी लोक पहिली गोष्ट करतात ती हवेची वाट मोकळी करायची. मूळच्या गाडीला दोन पत्र्याचे डबे असतात, प्रत्येकाला पुढे एक वाकडं नाक, आत कागदी फिल्टर. ते काढून टाकायचे आणि उघडे, गोल, चपटे फिल्टर लावायचे. बॉनेट उघडलं की चमकतात. आवाजही छान घोगरा होतो. आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली, हा भ्रम मोटारीपुरताच नाही, पण ते असो.

फिल्टर पोस्टाने आले. खोकं उघडलं. जाळीच्या दोन थरांमध्ये कापडाच्या घड्या, तेलाने लालसर भिजलेल्या. मी कागदावरचं वाचलं. कापड म्हणजे सुती गॉज होतं. कापूस. हवेतली धूळ कापसाच्या तंतूंना आणि त्यांवरच्या तेलाला चिकटावी आणि इंजिनाला शुद्ध हवा मिळावी, अशी योजना.

मी खोकं बंद केलं आणि चहा करायला आत गेलो.

बाबा परळच्या एका गिरणीत कार्डिंग खात्यात होते. ज्यांनी गिरणी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कापसाच्या गाठी आधी ब्लो रूममध्ये फोडतात, झोडपतात. मग तो कापूस कार्डिंगला येतो, तिथे तारांच्या दातांनी मढवलेले मोठे रूळ त्याला विंचरतात. लांब तंतू पुढे सुतासाठी जातात. आखूड तंतू, पानाची भुकटी, बोंडाचा चुरा हे सगळं हवेत. बाबा पाळी संपवून आले की पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसायचे. भुवया पांढऱ्या, कानातले केस पांढरे. तोंडाला एक रुमाल बांधायचे. आई तो रुमाल वेगळ्या बादलीत भिजत घालायची, आणि पाण्यावर तवंगासारखा कापूस तरंगायचा. मला ते बोटाने गोळा करायला आवडायचं.

सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला त्यांची छाती आवळायची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरं वाटायचं. कापसाच्या धुळीचा हा आजार असाच सुरू होतो. पहिल्या दिवशी त्रास, मग सुटका, मग काही वर्षांनी दोन दिवस, मग आठवडाभर, मग कायमचाच. लँकेशायरच्या कामगारांना तो आधीपासून ठाऊक होता, सोमवारचा ताप म्हणायचे त्याला. आम्हाला ठाऊक नव्हता. डॉक्टरने विचारलं, ‘बिडी किती ओढता?’ बाबांनी उभ्या जन्मात बिडीला हात लावला नव्हता. कागदावर ‘दमा’ लिहिलं गेलं. एकदा दमा लिहिलं की ते दुखणं माणसाचं स्वतःचं होतं, गिरणीचं राहत नाही.

मँचेस्टरजवळ स्टायलला क्वारी बँक नावाची १७८४ची गिरणी आहे, आता संग्रहालय. मी हिला आणि मुलीला घेऊन गेलो होतो. तिथे जुन्या कार्डिंग यंत्रापुढे उभा राहिलो तर तेल आणि कापूस यांचा मिळून जो वास असतो तो आला, आणि मी मुलीला म्हटलं, ‘तुझ्या आजोबांचा वास.’ ती बारा वर्षांची होती. तिने नाक मुरडलं, आणि मग तिला वाईट वाटलं.

१९८१मध्ये मी भारतात गेलो तेव्हा बाबा नुकते निवृत्त झाले होते. पुढच्या जानेवारीच्या १८ तारखेला गिरण्यांचा संप सुरू झाला, तो त्यांनी खाटेवरून पाहिला. त्या भेटीत संध्याकाळी चाळीतली माणसं हरिपाठाला जमायची. बाबा म्हणायला सुरुवात करायचे आणि ओळीच्या मध्येच श्वास संपायचा. थांबायचे. टाळ थांबायचे नाहीत. शेजारचा कुणीतरी ओळ उचलायचा, पुरी करायचा, आणि पुढच्या ओळीला बाबा पुन्हा मिळायचे. कुणी त्यांच्याकडे बघायचं नाही, सवय झालेली. मला ते बघवलं नाही. रात्री मी म्हटलं, ‘बाबा, हा दमा नाही. तुम्हाला गिरणीने हे दिलंय. त्यांना जाब विचारायला पाहिजे.’ ते बराच वेळ गप्प होते. मला वाटलं, श्वास जमवतायत. मग म्हणाले, ‘अरे, ज्याने दिला त्याने मोजून दिलाय. घेणारे आपण कोण?’

मला राग आला. अजून येतो. मोजणारा पांडुरंग नव्हता, मोजणारं गिरणीचं हजेरीबुक होतं, असं काहीसं मी बोललो. इंग्लंडहून आलेल्या मुलाला असं बोलायला सोपं असतं. पंधरा दिवसांनी मी परत आलो. १९८४च्या नोव्हेंबरात ते गेले तेव्हा मी नव्हतो.

तर तो गॅस्केटचा शनिवार. जुने डबे काढले, नवे फिल्टर चढवले, गॅस्केट नवी घातली. गाडी सुरू झाली, संथपणे फुरफुरत राहिली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि ती गुदमरली. सोडला की ठीक, दाबला की गुदमरायची. मी पेट्रोल तपासलं, ठिणगी तपासली, कार्बुरेटरातलं तेल तपासलं. एक पिस्टन बोटाने उचलून सोडला तर ठकदिशी खाली बसला, म्हणजे अडकलेला नव्हता. पण इंजिन चालू असताना तो उठायचाच नाही. आतून एवढी ओढ, आणि हा ढिम्म.

चारच्या सुमारास शेजारचे गृहस्थ कुंपण ओलांडून आले. फिल्टर सोडवून घेतला. कार्बुरेटरच्या तोंडाच्या कडेला दोन बारीक भोकं असतात, त्यांवर आलेला गॅस्केटचा कागद त्यांनी नखाने दाखवला, तो काढून उलटवून माझ्या हातात ठेवला आणि गेले.

ती दोन भोकं बाहेरची हवा पिस्टनच्या रुंद तबकडीखाली पोचवतात. वरच्या पोकळीत दाब कमी, खालून वातावरणाचा दाब पुरा, या दोहोंतल्या फरकाने पिस्टन उचलला जातो. मी खालची वाटच बुजवली होती. वर पोकळी हवी तेवढी करा, खालून देणारा पोचला नाही तर काही उचललं जात नाही. स्टुलावर बसून मी ते भोक बघत होतो, पेन्सिलच्या टोकाएवढं, आणि मला बाबांचं वाक्य ऐकू आलं. घेणारे आपण कोण. भौतिकशास्त्राच्या परीक्षेत याला पैकीच्या पैकी मार्क द्यावे लागले असते.

आपली भाषासुद्धा बाबांच्या बाजूची आहे. धडधाकट असतो तोवर ‘मी श्वास घेतो’. चार जिने चढलो की ‘मला धाप लागते’, ‘मला दम लागतो’. तिथे मी कर्ता राहत नाही, धाप कर्ता होते आणि मी ‘मला’ होऊन बाजूला बसतो. आणि शेवटी ‘प्राण गेला’. कुणाचा, तेही वाक्यात नसलं तरी चालतं. प्रकृती ढासळत जाते तसतसं मराठी व्याकरण माणसाला कर्तेपणावरून उतरवत नेतं.

छांदोग्य उपनिषदात एक गाडीवाला आहे, रैक्व. मला तो फार जवळचा वाटतो, कारण राजाच्या सेवकाला तो सापडतो तेव्हा गाडीखाली बसलेला असतो, अंगाची खरूज खाजवत. जानश्रुती नावाचा मोठा दानशूर राजा, रात्री उडत जाणाऱ्या हंसांच्या बोलण्यातून त्याला कळतं की आपल्यापेक्षा कुणी रैक्व श्रेष्ठ आहे. तो शोधायला लावतो, ६०० गायी, हार, खेचरांचा रथ घेऊन जातो. रैक्व ते सगळं धुडकावतो आणि राजाला ‘शूद्र’ म्हणून हिणवतो. पुढच्या खेपेला राजा १००० गायी, गाव आणि स्वतःची मुलगी देतो, तेव्हा शिकवतो. ही जागा मला दर वेळी खटकते. ‘शूद्र’ या शब्दाचा अर्थ ‘शोकाने धावणारा’ असा लावायला पुढे भाष्यकारांना केवढी कसरत करावी लागली. गिरणी कामगाराच्या मुलाला ती कसरत आधी दिसते आणि विद्या नंतर. आणि त्या मुलीला कुणी काही विचारलं नाही, हे आमच्या हिने मला दाखवून दिलं, मी वाचून दाखवत असताना.

पण विद्या विलक्षण आहे. रैक्व म्हणतो, वायू हा संवर्ग आहे, सगळं आपल्यात ओढून घेणारा. अग्नी विझतो तो वायूत जातो. सूर्य मावळतो, चंद्र मावळतो, पाणी आटतं, सगळं वायूत. आणि देहात तसाच प्राण. माणूस झोपतो तेव्हा वाणी प्राणात जाते, डोळा प्राणात, कान प्राणात, मन प्राणात. गाडीखालचा माणूस हवेविषयी हे सांगतो, म्हणून पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खूश झालो होतो. आईने नंतर सांगितलेले बाबांचे शेवटचे दिवस मात्र याच क्रमाने गेले. आधी बोलणं बंद झालं, कारण बोलायलाच श्वास पुरेना. मग डोळे मिटलेले. मग हाक मारली तरी ओळख नाही. श्वास तेवढा चालू, मोठ्याने. आई म्हणाली, ‘सगळं त्या श्वासात गोळा झालं होतं.’ तिने उपनिषदाचं नावही ऐकलेलं नव्हतं.

मग माझं भांडण उरतं कुठे? कापसात.

वातावरण सगळ्यांना सारखं ढकलतं हे खरं. गिरणीमालकाच्या छातीवर जेवढा दाब, तेवढाच बाबांच्या. पण ते हवा ढकलतं तशी धूळही ढकलतं, त्याच निष्ठेने. रैक्वाचा वायू सगळं गिळतो आणि काहीही निवडत नाही. देणारा गाळून देत नाही. आमच्या चाळीत नळाला फडकं बांधलेलं असायचं. सकाळी नंबर लावून माणसं त्या फडक्यातून पाणी घ्यायची. पाणी कुणी दिलं, पाऊस कुणी पाडला, यावर चाळीत कधी वाद झाला नाही, आणि तरी गाळणं आपलंच काम आहे हे सगळ्यांना कळत होतं. फडकं फाटलं की दुसरं कुणीतरी बांधायचं, ते कुणाचं असं विचारायचं नाही. तीच माणसं पाळीला जायची आणि खात्यातल्या हवेला फडकं बांधणं कुणाचं काम आहे, हा प्रश्न पांडुरंगाच्या खात्यावर टाकून मोकळी व्हायची. माझ्या गाडीच्या १७९८ सीसींना कापसाने गाळलेली हवा मिळते. ज्या माणसाने आयुष्यभर कापूस विंचरला त्याला आईचा एक रुमाल.

मी असा युक्तिवाद करून जिंकलो असं मला त्या स्टुलावर दहा मिनिटं वाटलं. मग बाबा काय म्हणाले असते ते आठवायला लागलो. ते म्हणाले असते, ‘मग ती बुद्धी मालकाला का दिली नाही, तेही त्यालाच विचार.’ आणि हसले असते. हसण्यातून खोकला. म्हणजे गाळणारा हातही त्याचाच, न गाळणाराही त्याचाच. कर्ता-करविता तोच असेल तर आरोपी कुणाला करायचं? ही पळवाट आहे असं मला चाळीस वर्षं वाटत आलंय. पण हेही दिसतं की ज्या माणसाला रोजचा श्वास उसना वाटत होता, त्याला तो संपताना बाकीच्यांपेक्षा कमी भीती वाटली. जाब विचारला असता तर गिरणीने काही दिलं असतं, असंही नाही. आणि तरी जाब विचारायला हवा होता. या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत आणि एकत्र नांदतही नाहीत. माझ्यापुरता मी एवढाच निकाल दिलाय की स्वतःच्या श्वासाविषयी बोलताना बाबांचं वाक्य वापरावं, दुसऱ्याच्या श्वासाविषयी बोलताना वापरू नये. हा निकाल वरच्या कोर्टात टिकेल का, माहीत नाही.

गाडीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. गॅस्केट सुलटं केलं, पिस्टन उठू लागले, फिश हिलवर नेली. आवाज दणदणीत, चढण होती तशीच. उलट जरा मंद. दोन कारणं. उघडे फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा घेतात, आणि हवा तीन अंशांनी तापली की तिची घनता साधारण एक टक्क्याने उतरते. दुसरं कारण जास्त लाजिरवाणं, कारण मी पंपांचा माणूस. हवेला काटकोनात वळता येत नाही. धारदार कडेवरून आत शिरताना ती आकसते, भोक असतं त्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासच खरा उपयोग होतो. तोंड तुतारीसारखं पसरट, गोलाईचं केलं की जवळजवळ सगळं भोक कामाला येतं. मी काढून टाकलेल्या जुन्या पत्र्याच्या डब्यांत, आतल्या बाजूला, अ‍ॅबिंग्डनच्या लोकांनी अशी गोलाई दिलेलीच होती. बाहेरून दिसत नाही. मी जुना, बोजड म्हणून जो डबा काढला, त्याच्या पोटात तुतारी होती.

मग नव्या फिल्टरांच्या आत बसतील अशा छोट्या पसरट तुताऱ्या आणल्या. हवा मोकळी झाली तसं मिश्रण पातळ झालं, म्हणून सुया बदलल्या, थोड्या बारीक, म्हणजे पेट्रोल जास्त. सुईची जाडी दर एक अष्टमांश इंचावर वेगळी असते आणि फरक हजाराव्या भागाचे. हे काम करताना माणूस आपोआप गप्प होतो. प्लगचा रंग चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा आला, तेव्हा थांबलो. शेवटी दोन्ही कार्बुरेटर सारखे करायचे. त्यासाठी यंत्रं मिळतात, पण शेजारच्यांनी मला रबरी नळी दिली. एक टोक कानाला, दुसरं एका घशापाशी, मग दुसऱ्या घशापाशी. सूऽऽ असा आवाज येतो. दोन्हीकडचा सारखा होईपर्यंत स्क्रू फिरवायचा. मी काही इंजिनाला जप लावत नाही. पण तासभर तो आवाज ऐकला की आपलाही श्वास त्याच्या मागे मागे जायला लागतो, हे नोंदवतो.

फिश हिल आता तिसऱ्यात कण्हल्याशिवाय होते. किती अश्वशक्ती वाढली असेल? चार, पाच. हिला विचाराल तर शून्य.

हे फिल्टर फेकायचे नसतात, धुवायचे असतात. पहिल्यांदा धुतले ते गेल्या आठवड्यात. कोमट पाण्यात बुडवले, साबणाचं पाणी आतून बाहेर सोडलं, कारण धूळ ज्या बाजूने आली त्याच बाजूने परत घालवायची असते. ही स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, ‘कुठल्या बादलीत धुताय?’ मी म्हटलं, वेगळ्या. बादलीतलं पाणी काळपट झालं, वर तेलाचे डोळे. कापूस एवढासाही सुटला नव्हता. मी तरी बोट फिरवून पाहिलं.

पिळायचे नाहीत, उन्हात तापवायचे नाहीत, जोराची हवा मारायची नाही, तंतू फाटतात. दोरीवर सावलीत टांगून ठेवायचे. बर्मिंगहॅमच्या दमट हवेत दोन दिवस लागतात वाळायला. तोवर गाडी बंद.